डनमोरचा माणूस

शनिवारी दुपारचं जेवण उरकलं आणि गॉटलीब हार्टुंगांनी काळा कोट चढवला, तशी मिन्ना टेबल आवरायचं सोडून उभी राहिली. तो कोट चर्चसाठी, मयतीसाठी आणि गायक मंडळाच्या कार्यक्रमासाठी होता. आज तो घालून तिचे वडील चेंडूफळीच्या, म्हणजे बेसबॉलच्या, मैदानावर निघाले होते, तेही वयाच्या बासष्टाव्या वर्षी, जन्मात पहिल्यांदा.

यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या गावाच्या, पोर्ट अल्माच्या, संघाने आज ब्रॅडनच्या संघाला हरवलं की वर्षभराच्या अजिंक्यपदाचा झेंडा गावाला मिळणार होता. नगरसमितीने ठरवलं, सामन्याआधी गावात वसलेल्या जर्मनांच्या गायक मंडळाने गावं, आणि जिंकल्यावर पुन्हा एकदा, नव्या बसवलेल्या विजयगीतासह. मंडळाचे अध्यक्ष सतरा वर्षं गावचे पाववाले गॉटलीब हार्टुंग. नाही म्हणायची सोय नव्हती.

"गायचं आणि उठून यायचं," ते टोपी झटकत म्हणाले. "अर्ध्या चड्डीतल्या बाप्यांना पळताना बघायला मी बसणार नाही."

"अहो, पुढच्या रांगेत बसवलंय आपल्याला," आई, म्हणजे लुईझे, म्हणाली. "नगराध्यक्षांच्या शेजारी. मध्येच उठाल तर बरं दिसेल का?"

मिन्नाने आईकडे रागाने पाहिलं. बिचारीला काय माहीत, आपण कुणाच्या पायावर धोंडा पाडतोय ते!

अकरा वर्षांपूर्वी याच टेबलाशी धाकट्या भावाने, टोबियासने, आपल्याला चेंडू खेळायला बोलावलंय असं सांगितलं होतं. तेव्हा वडिलांनी पाव कापायची सुरी खाली ठेवली आणि आवाज न चढवता म्हणाले, "हार्टुंग हे नाव आपण पावावर उठवतो. ते चेंडूमागे पळणाऱ्याच्या तोंडी शोभणार नाही." टोबी तेव्हा एकोणीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी तो पिठाची रिकामी पोती परत पाठवायला स्टेशनवर गेला आणि तिथूनच पसार झाला. पलीकडच्या गावी संघाच्या व्यवस्थापकाने नाव विचारलं तेव्हा पोरगं एका रिकाम्या पोत्यावर बसलं होतं आणि पोत्यावर गिरणीचा शिक्का होता, डनमोर. झाला तो टॉम डनमोर! घरी कळवलं, डनमोर गिरणीत फिरत्या विक्रेत्याचं काम लागलंय, उन्हाळाभर गावोगाव जावं लागतं. हिवाळ्यात तो घरी यायचा, महिनाभर भट्टीपाशी राबायचा, बर्फ वितळलं की निघायचा. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "धाकटा डनमोरकडे असतो." तसं पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. खरं काय ते टोबीने फक्त मिन्नाला सांगितलं होतं.

अकरा वर्षांत नऊ गावं झाली. मोठ्या संघांनी त्याला कधी विचारलं नाही, मोठ्या पेपरांनी त्याचं नाव छापलं नाही. फलंदाजाच्या मागे वाकून उभं राहायचं, अंगावर येणारा चेंडू बोटं कापलेल्या पातळ हातमोज्यात अडवायचा, बोट मोडलं की तोंडाने ओढून सरळ करायचं आणि पुन्हा वाकायचं, हा त्याचा, म्हणजे कॅचरचा, धंदा. मिन्ना दुकानात पाव बांधायला रद्दी घ्यायची आणि बांधण्याआधी शेवटच्या पानावरचे बारीक आकडे वाचायची. 'डनमोर, कॅचर' दिसलं की कात्री चालवायची. शहाजिऱ्याच्या डब्याखाली तिच्याकडे अशी एकशे चाळीस कात्रणं होती. तिने लग्न केलं नव्हतं, पण हा एक संसार तिने मन लावून केला होता.

यंदा नेमका टोबी ब्रॅडनकडून खेळत होता. दोनदा संघ पोर्ट अल्माला आला, दोन्हीदा त्याचं पोट दुखलं. पण मंगळवारी संघाच्या दुसऱ्या कॅचरचा अंगठा मोडला आणि मिन्नाला दोन ओळींचं पत्र आलं. 'या वेळी पोट दुखून चालणार नाही. बाबांना मैदानापासून लांब ठेव.'

म्हणे लांब ठेव! ती भटारखान्यात गेली. थोरला भाऊ फर्डिनांड नळाखाली डावा हात धरून शिव्या देत उभा होता.

"पुन्हा भाजलं?"

"नाही, टिळा लावून घेतलाय! ही भट्टी बांधली तेव्हा बाबांचं लक्ष कुठं होतं देव जाणे."

भट्टीच्या तोंडावरची लोखंडी पट्टी डावीकडे बोटभर खाली आली होती. वडिलांनी ती तरुणपणी स्वतःच्या हाताने बसवली होती, म्हणून ती कधी सरळ झाली नाही. पाव आत सारताना डावं मनगट जरा वर गेलं की चटका बसलाच. मनगटाच्या वर चार बोटं, तिरपा, करंगळीच्या बाजूला उतरता डाग. घरात तो सगळ्यांना होता.

"फर्डी, एक सांगायचं होतं," मिन्ना हळूच म्हणाली. "आजच्या त्या ब्रॅडनच्या संघात..."

"टोबी आहे. ठाऊक आहे मला."

"तुला? कुणी सांगितलं?"

"चार वर्षांपूर्वी मका विकत घ्यायला लॉगनला गेलो होतो. तिथं बघितलं त्याला. अगं, मुखवट्याच्या जाळीआडून कुणी असं शिट्टी वाजवत उभं राहतं का? आपला टोबीच." फर्डीने हात फडक्यात गुंडाळला. "सांगितलं नाही कुणाला. पण ऐक. आज बाबांनी ओळखलं तर मी मध्ये पडणार नाही. अकरा वर्षं पहाटे दोनला मी एकटा उठतोय. तो चेंडू झेलतोय आणि मी चटके. एकदाचा खेळ सुटू दे त्याचा, येऊ दे घरी."

"तो घरी येईल रे. पण मग त्याच्यात काही उरेल का?"

फर्डीने खुंटीवरची टोपी उचलली. 

मैदानावर अख्खं गाव लोटलं होतं. मंडळाने गाणं म्हटलं, वडिलांनी हात हलवून ताल दिला, टाळ्या पडल्या. मग दोन्ही संघ उतरले. लाल मोज्यांचा ब्रॅडनचा कॅचर तोंडावर तारेचा मुखवटा चढवूनच तंबूतून बाहेर आला आणि शेवटपर्यंत त्याने तो काढला नाही. मंडळातला कीफर मिन्नाकडे बघून खोकला. त्याची बायको पंख्याआड लपली. जर्मन गल्लीतल्या निम्म्या लोकांना हे माहीत होतं, हे मिन्नाला त्या क्षणी कळलं.

वडील उठून गेले नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते.

"तो मागे वाकलेला माणूस काय करतो?" त्यांनी तिसऱ्या डावात विचारलं.

"चेंडू पकडतो, बाबा," मिन्ना म्हणाली.

"उघड्या हातानं?"

"जवळजवळ."

"हं," ते म्हणाले. सहाव्या डावात एक चेंडू त्या माणसाच्या हातावर असा बसला, की आवाज पुढच्या रांगेपर्यंत आला. त्याने बोट तोंडात धरून ओढलं. तेव्हा मिन्नाच्या हातावर आईची बोटं घट्ट आवळली गेली.

"उजवं आहे ना गं?" आई पुटपुटली. "डावं तर मागच्याच वर्षी मोडलं होतं."

मिन्नाने मान वळवली. आई समोर बघत होती.

"आई! तुला..."

"त्याचे मोजे कोण रफू करतं हिवाळ्यात? गिरणीच्या विक्रेत्याचे मोजे गुडघ्यापर्यंत लाल असतात होय? गप्प बस आता, बघू दे."

शेवटचा डाव आला. ब्रॅडनच्या सहा धावा, पोर्ट अल्माच्या पाच. पोर्ट अल्माचे दोन गडी बाद, आणखी एक गेला की संपलं. पण त्यांचा कप्तान डोनेगन तिसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या शेवटच्या टप्प्यावर, पोहोचला होता. तो कॅचरपाशी असलेल्या घरच्या पाटीपर्यंत पोहोचला की बरोबरी, त्याआधी कॅचरने चेंडूने गाठला की बाद. लोक उभे राहून ओरडत होते. आणि अशा वेळी डोनेगनने दोन्ही हात वर करून खेळ थांबवला.

"पंच! माझी हरकत आहे. हा कॅचर कोण आहे?"

क्रेन नावाचा लांबोडका पंच मैदानावर एकटाच. त्याने कागद पाहिला. "डनमोर."

"डनमोर नावाचा माणूसच नाही! मी सहा महिने चौकशी करतोय. याला गाव नाही, बाप नाही, अकरा वर्षांत एकाही वार्ताहराला यानं आपलं घर सांगितलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी मिझुरीतून कॅसिडी नावाचा कॅचर करार मोडून पळाला, त्याचं नाव काळ्या यादीत आहे. हीच उंची, हीच मिशी, हीच वाकडी बोटं. हा कॅसिडी आहे!"

सहा महिने चौकशी करणाऱ्याला हरायची वेळ आल्यावरच आठवण झाली, याचं कुणाला काही वाटलं नाही. गाव खूश झालं. काळ्या यादीतला माणूस खेळवला, तर सामना सरळ दुसऱ्या संघाचा, नऊ शून्य. झेंडा हातात आल्यासारखाच होता.

"मुखवटा काढ," पंच म्हणाला.

त्याने काढला. घामाने निथळणारा टोबीचा चेहरा उन्हात आला. मिन्नाने वडिलांकडे पाहिलं. त्यांची पापणीही हलली नाही.

"तुझं खरं नाव काय?"

टोबीने मुखवटा पायाशी ठेवला. त्याची नजर एकदाच पुढच्या रांगेकडे वळली, काळ्या कोटावर थांबली आणि खाली गेली. एका नावाचा तर प्रश्न होता, आणि तेच त्याला घेता येत नव्हतं. अकरा वर्षं त्याने ते जपून ठेवलं होतं, वडिलांच्या पावावरून खाली पडू नये म्हणून.

"नाव सांगत नसशील तर मला दुसरा मार्ग नाही," पंच म्हणाला. मग लोकांकडे वळून मोठ्याने, "या माणसाला ओळखणारा कुणी आहे का? नसेल तर सामना पोर्ट अल्माचा. आणि याचं नाव संघटनेकडे जाईल. यापुढे कुठल्याच मैदानावर याला पाऊल टाकता येणार नाही."

जर्मन गल्ली बुटांकडे बघू लागली. कीफर तर बुटाची नाडी बांधायला लागला.

"मी उठते," मिन्ना म्हणाली.

"बस गं," फर्डी तिच्या कानाशी कुजबुजला. "दोन मिनिटांत सुटतंय सगळं. संध्याकाळी घरी असेल तो."

"चोर म्हणून येईल घरी, फर्डी!"

ती उठली. पण वडिलांनी तिच्या दंडाला धरून तिला खाली बसवलं. मिन्नाचे डोळे भरून आले. अजूनही? अजूनही या माणसाला पावावरचं नावच प्यारं? आयुष्यात पहिल्यांदा तिला वडिलांचा तिरस्कार वाटला. मग तिच्या मांडीवर काठी पडली.

"ही धर," गॉटलीब हार्टुंग म्हणाले, आणि उठून उभे राहिले.

"पंचसाहेब! हा कॅसिडी नाही. हा टोबियास हार्टुंग. माझा धाकटा मुलगा."

सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग मागून कुणीतरी शीळ मारली.

"गॉटलीब, खाली बस!" कीफरने त्यांचा कोट ओढला. "झेंडा चाललाय आपला!"

"तर जाऊ दे," ते म्हणाले आणि कठड्याचं फाटक उघडून मैदानात चालू लागले. मिन्ना काठी घेऊन मागे धावली.

डोनेगन हसत होता. "वा! ब्रॅडनवाल्यांनी बापही भाड्यानं आणला की काय? बरं, म्हातारबा, हा तुमचा मुलगा, तर मग नाव दुसरं का लावतो?"

"कारण मी मूर्ख आहे," वडील म्हणाले. "मी त्याला माझं नाव लावू दिलं नाही. म्हणून त्यानं माझ्या पिठाच्या पोत्यावरचं घेतलं."

टोबीचं तोंड उघडंच राहिलं. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"अरे गाढवा, वीस वर्षं मी त्या गिरणीचं पीठ घेतोय. त्यांचा फिरता विक्रेता मला ठाऊक नसेल? एका डोळ्यानं अधू म्हातारा आहे तो. आणि पेपरातलं 'डनमोर, कॅचर' मीही वाचायचो." ते टोबीकडे एक पाऊल सरकले. "मला राग होता. मग वाटलं, नाव घेताना तरी पोरानं घरातलंच घेतलं. आज बोलेन, उद्या बोलेन, यात अकरा वर्षं गेली. चूक माझी."

"हे सगळं ठीक आहे," पंच क्रेन अवघडून म्हणाला. "पण साहेब, बाप आहे म्हणून कुणीही सांगू शकतं. काही पुरावा?"

वडिलांनी काळा कोट काढून मिन्नाच्या हातात दिला. बाहीचं बटण सोडलं आणि डावी बाही कोपरापर्यंत गुंडाळली. मनगटाच्या वर चार बोटं, तिरपे, एकावर एक बसलेले जुने पांढरे डाग.

"माझ्या भट्टीची पट्टी डावीकडे खाली आलीय. मीच वाकडी बसवली. टोबी, हात दाखव."

टोबीने लाल बाही वर केली. तोच डाग, तसाच तिरपा, करंगळीकडे उतरता.

"एक भाजलेला डाग!" डोनेगन ओरडला. "आमच्या खानावळीच्या बाईलाही आहे!"

"मग हाही बघ!"

मिन्ना वळली. फर्डी कठड्यावरून उडी मारून धावत येत होता. त्याने हातावरचं फडकं सोडून फेकलं. त्याचा डाग आजचाच होता, लालबुंद. त्याने हात टोबीच्या हाताशेजारी धरला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाला, "घरी ये, मग बघतो तुला."

मिन्ना छत्तीस वर्षांची होती. चारचौघांत तिने कधी हातमोजाही काढला नव्हता. पण आता कोट आणि काठी तिने गवतावर टाकली, दातांनी मनगटाचं बटण तोडलं आणि बाही वर ओढली. बायकांच्या रांगेत हाय हाय झाली. तिला मुळीच लाज वाटली नाही. उलट वाटलं, हा डाग इतका सुंदर आहे हे आपल्याला आजवर कसं दिसलं नाही?

"मलाही आहे!" आईचा आवाज पुढच्या रांगेतून आला. "पण या बाहीला बारा बटणं आहेत!"

लोक हसले. पोर्ट अल्माचेच लोक, पण पोट धरून हसले. पंच चारही हातांवरून वाकून पुढे सरकला, एका हाताजवळ बोटाने अंतर मोजलं, दुसऱ्याजवळ मोजलं, आणि कंबर सरळ केली.

"हरकत फेटाळली. कॅचर हार्टुंग, मुखवटा चढवा. डोनेगन, बेसवर जा."

कॅचर हार्टुंग! टोबीने मुखवटा उचलला, पण घातला नाही. तो तसाच बाजूला फेकून उघड्या तोंडाने वाकला.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. फलंदाजाने चेंडू उजवीकडे लांब टोलवला. डोनेगन तिसऱ्या बेसवरून सुटला. ब्रॅडनच्या गड्याने पळत पळत चेंडू उचलून घरच्या पाटीकडे, टोबीकडे, फेकला. डोनेगन दांडगा गडी, त्याने खांदा पुढे केला आणि टोबीच्या छातीवर आदळला. दोघे धुळीत गेले. काही दिसेना. आईने डोळे मिटले. कठड्याशी परत आलेल्या वडिलांनी मिन्नाचा तोच दंड पुन्हा धरला होता.

मग धुळीतून एक हात वर आला. डावा. बाही अजून गुंडाळलेलीच होती, आणि वाकड्या बोटांत चेंडू घट्ट बसलेला होता.

"बाद!" क्रेन ओरडला.

ब्रॅडनचे नऊ गडी आणि त्यांच्याबरोबर आलेले पंधरावीस लोक नाचत सुटले. बाकी लोक मटकन खाली बसले. पोर्ट अल्माचा झेंडा गेला होता आणि तो गावच्याच पोराने घालवला होता. मंडळाचे गायक हातात विजयगीताचे कागद घेऊन बसले होते, आता त्यांचं काय करावं ते कुणाला सुचत नव्हतं.

गॉटलीब हार्टुंग डावी बाही गुंडाळलेल्या अवस्थेतच त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"उठा."

"गॉटलीब, आपण हरलो," कीफर म्हणाला.

"तुम्ही हरला असाल. मी जिंकलोय. महिनाभर तालीम केली ती काय वाया घालवायची? पहिला सूर कोण देतो?"

 मग कीफरनेच सूर दिला, कारण दुसरं काही नाही तरी त्याला सूर लावायची हौस होती. तीस जर्मन पुरुष पाहुण्यांसाठी आपल्या गावचं विजयगीत गाऊ लागले आणि दुसऱ्या कडव्याला पोर्ट अल्मासुद्धा त्यांच्यात मिसळलं. टोबी घरच्या पाटीपाशी धुळीत बसून होता. फर्डी त्याच्याशेजारी उकिडवा बसून त्याचं बोट ओढून सरळ करत होता आणि एकीकडे त्याला शिव्या देत होता. टोबी रडत होता की हसत होता, ते मिन्नाला लांबून कळलं नाही. ती स्वतः दोन्ही करत होती.

गाणं संपल्यावर गावच्या पेपरचा वार्ताहर वही घेऊन वडिलांपाशी आला.

"हार्टुंगसाहेब, उद्याच्या अंकात नाव कसं देऊ? डनमोर की हार्टुंग?"

"टोबियास हार्टुंग. पूर्ण लिहा."

"बरं. आणि हा मुलगा करतो काय? म्हणजे, हा खेळ सोडून?"

वडिलांनी बाही हळूहळू खाली केली, बटण लावलं. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, हा पाव कसला, तेव्हा ते ज्या आवाजात सांगायचे त्याच आवाजात ते म्हणाले,

"चेंडू पकडतो."